पायात उतरणारी कळ : ऑपरेशनची घाई नको, धोक्याच्या खुणांकडे दुर्लक्षही नको

रावेर-यावलच्या केळीबागांत घड वाहणारे बांधव आणि धुळे-शिरपूरकडच्या वावरांत दिवसभर वाकून निंदणी करणाऱ्या भगिनी, सगळ्यांच्या तोंडी एक तक्रार असते : कंबर धरते आणि कळ कुल्ल्यातून, मांडीमागून थेट पावलापर्यंत जाते. कोणी म्हणतो नस दबली, कोणी म्हणतो मणक्यात गॅप आला. डॉक्टर याला सायटिका म्हणतात.

दोन मणक्यांमध्ये गादीसारखी चकती असते. तिचे बाहेरचे कडे फाटले की आतला मऊ भाग बाहेर येतो आणि पायाकडे जाणाऱ्या नसेचे मूळ दाबतो. बहुतेक वेळा हे कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत घडते. म्हणून बिघाड कमरेत, पण कळ पायात.

आम्ही वॉर्डात सांगत होतो, आज वस्तीतही तेच सांगतो : एमआरआयचा कागद पाहून घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही चकती सरकलेली दिसते. बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनविना ओसरते. बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते.

तोवर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात पडून राहू नका. झेपेल तेवढे चाला. वजन उचलणे, वाकून काम करणे काही दिवस टाळा. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच आणि थोडे दिवस घ्या. मनाने घेतल्यास पोटाला व किडनीला अपाय होतो. कंबर तुडवून घेऊ नका. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मणक्यात दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काहींना काही आठवडे आराम पडतो, पण तो कायमचा इलाज नव्हे.

मग ऑपरेशन कोणाला? नेदरलँड्समधील २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना ६ ते १२ आठवडे तीव्र कळ होती. निम्म्यांना लवकर ऑपरेशन सुचवले, बाकीच्यांना आधी औषधोपचार. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. दुसऱ्या गटात दहापैकी चौघांना पुढे ऑपरेशन लागलेच. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के बरे झाले होते. म्हणजे कळ असह्य असेल, रोजगार बुडत असेल, तर ऑपरेशन हा योग्य पर्याय आहे. पण घाबरून, कर्ज काढून घाई करण्याचे कारण नाही.

मात्र या खुणा दिसल्या तर एक रात्रही थांबू नका : लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावर ताबा न राहणे, जांघेत व बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणे, चालताना चप्पल निसटणे. उशीर झाला तर हे अपंगत्व कायमचे राहू शकते. आपल्या आयाबहिणी लघवीची तक्रार लाजेपोटी सांगत नाहीत. घरच्यांनी स्वतःहून विचारावे. १०८ क्रमांकावर फोन करा आणि जळगाव किंवा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा.

खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. आपले ऑपरेशन योजनेत बसते का, हे पैसे भरण्याआधी विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.