वनसाहाय्यक सेवांतील अंकीय तंत्रे : अहिल्यानगर जिल्हा

वनक्षेत्राचे मापन, वणव्यांची सूचना, वन्य प्राण्यांची गणना व त्यांच्या हालचालींचा मागोवा ही वनव्यवस्थापनास पूरक असलेली कामे उपग्रह, संगणक व इलेक्ट्रॉनीय साधने यांच्या द्वारे करण्याच्या पद्धतींचा यात समावेश होतो. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात वने व दाट लोकवस्ती परस्परांस भिडलेली असल्याने या तंत्रांस विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौ. किमी. असून बराच भाग पर्जन्यछायेत येतो. दाट वने मुख्यतः अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या रांगांत आहेत. तेथे १९८६ मध्ये कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाल्यावर प्रवरेच्या खोऱ्यात कालव्यांच्या पाण्यावर उसाची लागवड वाढली. उंच व दाट उसाच्या फडांत बिबट्यांना आसरा मिळतो, तर गावांतील कुत्री व शेळ्या हे त्यांचे भक्ष्य होते.

वणव्यांची सूचना : डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण (स्थापना १९८१) ही संस्था उपग्रहांवरील अवरक्त संवेदकांनी टिपलेल्या तप्त स्थानांची वनसीमांच्या अंकीय नकाशांशी तुलना करते व वनक्षेत्रातील स्थानांची सूचना भ्रमणध्वनीवर पाठविते. तुलनेच्या या टप्प्यामुळे शेतात जाळलेले उसाचे पाचट वगळता येते. मात्र उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा माथ्यावरून जातो. त्यामुळे दरम्यान लागून विझलेली लहान आग नोंदली जात नाही.

बिबट्यांची गणना : प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे वाटांवर बसवितात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना भिन्न असल्याने त्याची ओळख पटते व पुनःपुन्हा मिळणाऱ्या छायाचित्रांवरून संख्याशास्त्रीय अनुमान काढता येते. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील शेतीप्रदेशात केलेल्या अशा अभ्यासात (प्रसिद्धी २०१३) दर १०० चौ. किमी.मागे सु. ४·८ बिबटे आढळले. हा प्रदेश दर चौ. किमी.स ३०० हून अधिक लोकवस्तीचा होता.

हालचालींचा मागोवा : टाकळी ढोकेश्वर (ता. पारनेर) येथे विहिरीत पडलेल्या एका बिबट्यास २००९ मध्ये उपग्रहाधारे स्थाननिश्चिती करणारा गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेला हा बिबट्या सु. १२० किमी. चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने तो मरण पावला. शेजारच्या जुन्नर परिसरात (पुणे जिल्हा) पकडलेले बिबटे वनात सोडल्यानंतर २००१–०३ या काळात माणसांवरील हल्ले वाढल्याचे पूर्वीच दिसून आले होते. बिबट्या सोडल्या जागी राहतोच असे नाही, हे गळपट्ट्याच्या नोंदींनी स्पष्ट केले. त्यामुळे पकडून दूर सोडण्याच्या उपायाची मर्यादा लक्षात आली.

मर्यादा : दऱ्याखोऱ्यांत भ्रमणध्वनीचे संदेश खंडित होतात. गळपट्ट्यांचा खर्च मोठा असून त्यांतील विद्युत् घट ठराविक काळच टिकतात. उसात दडलेला बिबट्या उपग्रहास दिसत नाही. सूचना मिळाल्यावर वनरक्षक व ग्रामस्थ वेळेवर पोहोचले तरच वणवा आटोक्यात येतो. रात्री गुरे बंदिस्त गोठ्यात ठेवणे व लहान मुलांना अंधारात एकटे न सोडणे या साध्या दक्षतांची जागा ही तंत्रे घेऊ शकत नाहीत. धोका कोठे व केव्हा संभवतो, हे दर्शविणे हाच त्यांचा मुख्य उपयोग होय.