भूक पोटाची की सवयीची?

दुपारचे जेवण नुकतेच झाले आहे. पोट भरलेले आहे. इतक्यात शेजारी भजी तळल्याचा वास येतो, अन् आपल्या तोंडाला पाणी सुटते. ही भूक आली कुठून?

भूक नुसती पोटात नसते, डोक्यातही असते. पोट रिकामे झाले की मेंदूला सांगावा जातो, ‘खायला हवे.’ पोट भरले की दुसरा सांगावा जातो, ‘आता पुरे.’ पण हा दुसरा सांगावा पुरता पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणारा तोवर जास्त खाऊन बसतो.

शिवाय मेंदू सवय शिकतो. रशियात पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. कुत्र्याला खाणे देण्याआधी ते ठरावीक आवाज करीत. पुढे नुसता आवाज ऐकूनच कुत्र्याला लाळ सुटू लागली. आपलेही तसेच होते. मूल रडले की खाऊ दिला, तर मूल काय शिकते? रडू आले की खायचे!

खाण्याचाही फरक पडतो. अमेरिकेत २०१९ साली वीस माणसांवर प्रयोग झाला. त्यांना दोन आठवडे कारखान्यातले तयार खाणे दिले, दोन आठवडे साधे अन्न. हवे तेवढे खायची मुभा होती. तयार खाणे ती जास्त खात. त्या दोन आठवड्यांत वजन जवळजवळ एक किलो वाढले.

कष्टाने लागलेली भूक खरी. ती मारू नये. पण भाकरी, डाळ, भाजी सावकाश चावून खावी. पुन्हा वाढून घेण्याआधी जरा थांबावे. मुलाला खाऊच्या पुड्याऐवजी शेंगदाणे, फळ द्यावे. सवय लावली तशी ती बदलताही येते.