नेम, गोळी आणि वर्गसमीकरण

सोलापूरच्या नवी पेठेत चादरीची घडी उलगडली की आधी तिची नक्षी नजरेत भरते. ती विणताना कोणता उभा धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे मागावरचं जॅकार्ड ठरवतं. जुन्या पद्धतीत छिद्रं पाडलेली कार्डं त्याला एकेक ओळ सांगत जातात. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डने ही युक्ती १८०४ च्या सुमारास रूढ केली. १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेजने गणनयंत्राची आखणी केली, तेव्हा त्याला सूचना देण्यासाठी हीच कार्डं उचलली. त्याच पेठेच्या गर्दीत मोबाईलमध्ये मान घालून परग्रहावरच्या शत्रूंवर गोळ्या झाडणारा मुलगा ज्या यंत्रावर खेळतो, त्याची वंशावळ अशी मागापर्यंत पोचते.

पडद्यावरचा गोळीबार लहानपणापासून विज्ञानकथेच्याच घरात वाढला. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. दोन अवकाशयानं आणि मधोमध एक तारा. ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण यानांना ओढत राहतं. इंधन जपत, त्याला वळसा घालत समोरच्यावर टॉर्पेडो सोडायचा. पाठीमागचं आकाशही खरं होतं, कारण पीटर सॅमसनने त्यात प्रत्यक्ष ताऱ्यांच्या जागा भरल्या होत्या. टॉर्पेडो मात्र सरळ रेषेत जात. त्यांच्यावरच्या गुरुत्वाकर्षणाचं गणितही वेळेत उरकण्याइतकी ताकद त्या संगणकात नव्हती. निसर्गाचा कोणता नियम पाळायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, हा निर्णय खेळ रचणाऱ्याला तेव्हापासून घ्यावा लागतो.

जपानच्या तोमोहिरो निशिकादोच्या १९७८ मधल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये तर यंत्राची मर्यादाच खेळाची जान ठरली. पडद्यावर शत्रू जास्त असताना ते सारे रंगवता रंगवता यंत्र मंदावत असे. शत्रू मरत गेले की काम हलकं होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने अंगावर येत. निशिकादोने ते तसंच राहू दिलं.

आजचे बरेच खेळ सेकंदाला साठ चित्रं दाखवतात. एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात कोणतं बटण दाबलं ते वाचायचं, प्रत्येक शत्रूची चाल ठरवायची, गोळ्या पुढे सरकवायच्या, कोण कोणावर आदळलं ते तपासायचं आणि १९२० बाय १०८० च्या पडद्यावरचे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके रंगवायचे. सेकंदाला हे ठिपके १२ कोटींच्या वर जातात. एकेक ठिपका क्रमाने रंगवून हे जमणार नाही. म्हणून ग्राफिक्स प्रोसेसर हजारो ठिपक्यांचं गणित एकाच वेळी करतो.

पण या साऱ्यात सर्वांत देखणं गणित नेमाचं आहे. बंदुकीच्या नळीपासून एक सरळ रेषा पुढे काढायची आणि शत्रूभोवती एक अदृश्य गोल कल्पायचा. रेषा त्या गोलाला छेदते का, एवढाच प्रश्न. रेषेचं समीकरण गोलाच्या समीकरणात घातलं की हाती वर्गसमीकरण येतं, दहावीच्या बीजगणितात असतं तेच. त्याचा विवेचक ऋण आला तर नेम चुकला. शून्य आला तर गोळी गोलाला नुसती चाटून गेली. धन आला तर दोन उत्तरं मिळतात: एक गोळी आत शिरते ती जागा, दुसरं बाहेर पडते ती. शत्रू समोर असेल तर त्यातलं जवळचं उत्तर घ्यायचं आणि तिथे ठिणगी उडवायची.

या पद्धतीत गोळी क्षणार्धात पोचते. विज्ञानकथेतले प्लाझ्माचे गोळे मात्र खेळाडूला चुकवता यायला हवेत, म्हणून ते प्रत्येक चित्रागणिक थोडे थोडे सरकवावे लागतात. इथे एक मोठा धोका आहे. सेकंदाला ९०० मीटर वेगाची वस्तू सेकंदाच्या साठाव्या भागात १५ मीटर पुढे जाते. एका चित्रात ती भिंतीच्या अलीकडे असते, पुढच्या चित्रात पलीकडे, आणि मध्ये भिंत होती हे संगणकाला कळतही नाही. उपाय म्हणजे आधीची आणि नंतरची जागा रेषेने जोडून मधल्या वाटेवर काय आहे ते तपासायचं. गाडी पुन्हा रेषेच्या गणितावर येते.

एवढा सगळा पसारा एकट्याने उभा करता येतो, हे अमेरिकेच्या टॉम हॅपने दाखवलं. २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आणि मग संगणकावर आलेला त्याचा ‘ॲक्झिअम व्हर्ज’ हा गोळीबार आणि शोधमोहीम यांचा विज्ञानकथात्मक खेळ. प्रोग्रॅम, चित्रं, संगीत, सारं त्याचंच. काम सुमारे पाच वर्षं चाललं, सुरुवातीला नोकरी सांभाळून. प्रयोगशाळेतल्या स्फोटानंतर ट्रेस नावाचा शास्त्रज्ञ परक्या जगात जागा होतो. त्याच्या हातातलं एक अस्त्र शत्रूला मारत नाही, बिघडवतं. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक गोष्टीला पत्ता असतो आणि तो चुकला की जुन्या खेळांत विचित्र तुकडे दिसू लागत. त्या बिघाडालाच हॅपने शस्त्र केलं.

महाराष्ट्रात हे काम पुण्यात रुजलं आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर, मग संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचं लक्ष्य गाठता आलं नव्हतं, तरी चमू टिकला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या गटात खेळाला नामांकन मिळालं. राजीचं जग पुराणकथेचं आहे. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये मोबाईलवर आणलेला ‘इंडस’ मात्र थेट भविष्यातल्या भारतीय कल्पनाविश्वात गोळीबार करतो.

मराठी विज्ञानकथेचं भांडवलही हाताशी आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. साधनांची अडचणही कमी झाली आहे. गोडो हे खेळ रचण्याचं इंजिन आणि ब्लेंडर हे त्रिमित चित्रांचं सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आणि मुक्त आहेत. सोलापुरातल्या अकरावीच्या मुलीने पहिला खेळ म्हणून एक यान, एक तारा आणि एक टॉर्पेडो घ्यावा. पीडीपी-१ ला न झेपलेलं टॉर्पेडोवरचं गुरुत्वाकर्षण साध्या लॅपटॉपवर मोजक्या ओळींत बसतं. ते जमलं की ताऱ्याच्या जागी कृष्णविवर ठेवून पाहावं. तिथे गोळीबरोबर प्रकाशाची वाटही वाकवावी लागते. न्यूटनचं सूत्र अपुरं पडतं आणि आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद उघडावा लागतो.