पाणी आत्ता किती आहे?

जुलै २०१८च्या पावसात वसई-नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं आणि लोकल बंद पडल्या. कित्येक वस्त्यांत वीज नव्हती. अशा दिवशी घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला एवढंच हवं असतं: पाणी आत्ता किती आहे? व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला तासाभरापूर्वीचा व्हिडिओ त्याला फसवतो. तेवढ्या वेळात भरती येऊन उताराचं पाणी अडलेलं असू शकतं.

या ‘आत्ता’चं उत्तर देऊ शकणारं यंत्र तळहातावर मावतं. रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाएवढा संगणक फेब्रुवारी २०१२मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीला आला. २०१३मध्ये त्याला चपट्या पट्टीने जोडायचा कॅमेरा मिळाला. २०१९मध्ये एनव्हिडियाने ९९ डॉलरचा जेटसन नॅनो हा तसाच बोर्ड आणला. अभियांत्रिकीच्या मुलांना हे बोर्ड आता चांगले ओळखीचे आहेत.

त्यांच्यावर पडणारा भार मात्र मोठा. फुल एचडी चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. सेकंदाला ३० चित्रं धरली, तर सहा कोटी बावीस लाख ठिपके. प्रत्येकाला सरासरी दीड बाइट, म्हणजे दर सेकंदाला ९३ मेगाबाइट. मोबाइलच्या जाळ्यावरून हे जाणं शक्यच नाही. म्हणून एच.२६४ ही २००३ची पद्धत अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवते आणि मधल्या काळात फक्त काय बदललं तेवढंच सांगते. तेच दृश्य सेकंदाला अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास बसतं. रास्पबेरी पाय ४मध्ये या कामाला स्वतंत्र सर्किट होतं. २०२३च्या पाय ५मधून ते काढून टाकलं, आता तो भार मुख्य प्रोसेसर वाहतो. नवा बोर्ड प्रत्येक कामाला सरसच असेल असं समजून खरेदी करू नये.

खरी गोम मात्र रांगेत आहे. कॅमेरा दर ३३ मिलिसेकंदांना एक चित्र देतो. पाण्याची रेघ शोधणाऱ्या प्रोग्रामला एका चित्रामागे ५० मिलिसेकंद लागतात असं समजा. सेकंदाला ३० चित्रं आत येतात, २० बाहेर पडतात, दहा साचतात. एका मिनिटाने पडद्यावर दिसणारं दृश्य वीस सेकंद जुनं असतं, तीन मिनिटांनी पूर्ण मिनिटभर. व्हिडिओ अडखळत नाही, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. थेट म्हणून दाखवलेलं दृश्य असं शिळं असणं मला बंद कॅमेऱ्यापेक्षा धोक्याचं वाटतं. उपाय कठोर आहे: रांग ठेवायचीच नाही. प्रोग्राम मोकळा झाला की सर्वांत ताजं चित्र उचलायचं, मधली टाकून द्यायची. सुटलेल्या विरार लोकलमागे कोणी धावत नाही, तसंच.

पाणी मोजायला सगळी चित्रं लागतही नाहीत. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेले असतील, तर बोर्डाने तिथल्या तिथे पातळी वाचावी आणि नेट क्षीण असताना फक्त वेळ, आकडा आणि एक लहान छायाचित्र पाठवावं. नेट चांगलं असेल तेव्हा व्हिडिओ. चित्रं जागेवरच वाचून पुसून टाकली, तर रस्त्याने जाणाऱ्या माणसांचे चेहरे बोर्डावर साठवले जात नाहीत, हाही मोठा फायदा.

आपल्या किनाऱ्यावर अशा यंत्राला कॅमेऱ्याइतकीच पेटीचीही काळजी घ्यावी लागते. खारी हवा जोडांना गंज चढवते. पाणी आत येऊ नये म्हणून पेटी घट्ट बंद करावी, तर आत उष्णता कोंडते. ८० अंशांजवळ पाय ४ स्वतःचा वेग कमी करतो आणि तीच रांग पुन्हा साचू लागते. लिहिणं चालू असताना वीज गेली की मेमरी कार्ड बिघडू शकतं. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर जास्त मेगापिक्सेलच्या आधी बॅटरी घ्यावी, उष्णता बाहेर टाकणारी धातूची पेटी घ्यावी आणि कार्डावर कमीत कमी लिहिणारी मांडणी करावी. प्रत्येक चित्रावर ते टिपल्याची वेळही छापावी, म्हणजे पाहणाऱ्याला दृश्य किती जुनं आहे हे स्वतः ताडून बघता येईल.