मापक खरे बोलते का?

मुलांनो, ताप आला की आम्ही तुम्हाला थर्मामीटर लावतो. तोच बिघडला असेल तर? कारखान्यात तापमान, दाब, पातळी मोजणारी मापके खरे सांगतात ना, हे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन पाहतो. माहीत असलेला दाब देऊन तो मापकाचा आकडा ताडून बघतो आणि चुकत असेल तर मापक जुळवतो. हेच कॅलिब्रेशन.

२३ मार्च २००५ रोजी टेक्सस सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एका मनोऱ्यातले द्रव १५० फुटांच्या वर चढले होते. चुकीच्या जुळणीमुळे पडद्यावर मात्र ते ८ फुटांखाली आणि उतरत असलेले दिसले. धोक्याची राखीव घंटाही वाजली नाही. स्फोटात १५ जण दगावले.

आम्ही प्रोग्रॅम लिहितो. पण आकडाच खोटा आला, तर प्रोग्रॅम काय करणार?