तांब्याचें नाणें, त्याची प्रत व त्याचें छायाचित्र

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुन्या पैशांची एखादी पुरचुंडी असेल. त्यांतील नाणें कोणत्या राजाचें अथवा कोणत्या सालचें हें सांगणें फारसें कठीण नाहीं. परंतु तें कितपत चांगल्या स्थितींत राहिलें आहे हें, नाणें न पाहिलेल्या मनुष्यास पटेल अशा रीतीनें सांगणें, ही एक स्वतंत्र विद्या आहे. ह्या विद्येचा फार बारीक अभ्यास अमेरिकेंतील जुन्या तांब्याच्या नाण्यांवर झालेला आहे. म्हणून त्यांचेंच उदाहरण आम्हीं येथें घेतलें आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं २ एप्रिल १७९२ च्या कायद्यानें स्वतःची टांकसाळ स्थापिली व १७९३ च्या मार्च महिन्यांत फिलाडेल्फिया शहरीं तांब्याचे पहिले सेंट पाडले. शंभर सेंटांचा एक डॉलर. हे सेंट आजच्या सेंटाहून बरेच मोठे, सुमारें २८ मिलिमीटर व्यासाचे होते. पहिल्या सेंटाच्या एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचें मुख आणि दुसऱ्या बाजूस पंधरा संस्थानांच्या ऐक्याची खूण म्हणून पंधरा कड्यांची साखळी होती. स्वातंत्र्यदेवतेच्या पाठीशीं साखळी! लोकांस हें चिन्ह अशुभ वाटलें, आणि ३६,१०३ नाणीं पाडून झाल्यावर साखळी जाऊन तेथें पानांचा हार आला. पुढें आकृति अनेक वेळां बदलल्या. सेंट व अर्धा सेंट हीं मोठीं तांब्याचीं नाणीं १८५७ सालीं बंद झालीं.

ह्या नाण्यांचें वैशिष्ट्य असें कीं, आरंभींच्या वर्षांत त्यांचे ठसे कारागीर हातानें कोरीत. एक ठसा फुटला कीं दुसरा कोरावयाचा, आणि दुसरा पहिल्यासारखा हुबेहूब कधींच येत नसे. १७९४ च्या एकाच सालच्या सेंटाचे पन्नासांहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. त्यांपैकीं एकाच्या मागील बाजूस, कडेच्या दांत्यांमध्यें, ९४ इवल्याशा चांदण्या कोरलेल्या आहेत. त्या कोणी व कां कोरल्या ह्याचा उलगडा अद्यापि झालेला नाहीं. त्याच सुमारास, १७९१ सालीं, आमच्या मुंबई इलाख्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें जे तराजूच्या छापाचे तांब्याचे पैसे आणविले, ते इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टन ह्यांच्या सोहो येथील कारखान्यांत वाफेच्या यंत्रावर पाडलेले होते, व ते एकमेकांसारखे दिसत. फिलाडेल्फियास मात्र हातानें फिरविण्याचें दाबयंत्र होतें. पुढें ह्याच बोल्टनच्या कारखान्यांतून तांब्याच्या कोऱ्या चकत्या अमेरिकेच्या टांकसाळीसही जाऊं लागल्या.

आतां प्रतवारीकडे वळूं. सोनें गंजत नाहीं. तांबें मात्र हवा, घाम, ओल ह्या सर्वांची नोंद आपल्या अंगावर करून ठेवितें. टांकसाळींतून निघालेलें लालभडक नाणें कालांतरानें तपकिरी होतें, व ही तपकिरी कळा एकसारखी असली तर तो दोष समजत नाहींत. हिरवा कळंक मात्र धातु खातो व बारीक खड्डे पाडतो. येथें आमच्या घरांतील एका संवयीचा उल्लेख करणें भाग आहे. तांब्याचा हंडा चिंचेनें व राखेनें घांसून लखलखीत करावा, हें गृहिणीच्या दक्षतेचें लक्षण होय. परंतु हाच न्याय नाण्यास लाविला तर त्याची कळा एका क्षणांत जाते व तें पुनः पूर्वस्थितीस येत नाहीं. घांसलेलें तांबें अस्वाभाविक गुलाबी दिसतें आणि जाणता मनुष्य तें दुरूनच ओळखतो. नाण्यावरील धूळ फार तर मऊ केसांच्या कुंचल्यानें झाडावी, व नाणें नेहमीं कडेनें धरावें.

प्रत सांगण्यासाठीं पूर्वीं ‘गुड’, ‘फाइन’ असे शब्दच होते. १९४९ सालीं विल्यम शेल्डन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें आरंभींच्या सेंटांवर ग्रंथ लिहिला व त्यांत १ पासून ७० पर्यंत आंकडे दिले. जेमतेम ओळखूं येणारें नाणें १. ‘गुड’ ४, ‘फाइन’ १२, ‘व्हेरी फाइन’ २०, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ ४०, आणि व्यवहारांत मुळींच न फिरलेलें नाणें ६० व त्यावर. विद्यार्थ्यांनीं हे सत्तरांपैकीं मिळालेले गुण समजूं नयेत. बारा आंकड्याचें नाणें नापास नव्हे! हे आंकडे मुळांत किंमतीवरून काढलेले होते. अगदीं झिजलेलें नाणें एक डॉलरचें असेल तर त्याच प्रकारचें सर्वोत्कृष्ट नाणें सत्तर डॉलरचें, असा शेल्डनचा हिशेब. किंमतींचें हें गणित लवकरच कोलमडलें, परंतु आंकडे टिकले, आणि आज ते सर्व धातूंच्या नाण्यांस लावितात.

जुन्या तांब्याचे अभ्यासक आणखी एक पायरी पाळितात, व ती आम्हांस फार योग्य वाटते. प्रथम केवळ झीज पाहावयाची: केसांच्या बटा किती उरल्या आहेत, पानांच्या शिरा दिसतात कीं नाहींत. समजा, ही स्पष्टता २० आंकड्याची ठरली. मग खड्डे, ओरखडे, कडेवरील ठोके ह्यांबद्दल वजाबाकी करून शेवटची प्रत १२ लिहावयाची. दोन्ही आंकडे सांगितले म्हणजे ऐकणारास नाणें कितपत झिजलें व त्यास कितपत इजा झाली हें वेगवेगळें कळतें. एकच आंकडा सांगणारा विक्रेता पुष्कळदां दुसरी गोष्ट झांकीत असतो.

ज्यास नाणें हातीं घेतां येत नाहीं, त्याचा भरंवसा छायाचित्रावर. आणि छायाचित्र खोटें न बोलतांही फसवूं शकतें. दिवा अगदीं तिरपा, नाण्याच्या पातळीजवळ ठेविला तर प्रत्येक खड्डा दरीएवढा दिसतो. उलट सर्व बाजूंनीं पांढऱ्या कागदांतून गाळलेला मऊ प्रकाश दिला तर रंग उत्तम येतो, पण ओरखडे नाहींसे होतात. प्रकाश वाजवीपेक्षां अधिक झाला तर काळवंडलेलें तांबें तांबूस व तेजस्वी भासतें. म्हणून घड्याळाच्या तबकडीवर दहा व दोन हे आंकडे जेथें असतात तेथें, नाण्याच्या वरच्या अंगास, दोन दिवे उंचावर ठेवण्याचा प्रघात आहे. प्रकाश वरूनच यावा ह्यास कारण आहे. उजेड वरून येतो असें आपलें मन गृहीत धरतें. तो खालून आला तर चित्रांत उंच भाग खोल व खोल भाग उंच दिसूं लागतो. ठशास तडा गेला असतां नाण्यावर उंच रेघ उठते, तिनें प्रत कमी होत नाहीं, उलट प्रकार ओळखण्यास तिचें साहाय्य होतें. ओरखडा मात्र खोल असतो व प्रत उतरवितो. दिव्याची जागा चुकली कीं ह्या दोहोंची अदलाबदल झालीच!

कॅमेरा नाण्याशीं समांतर असावा. नाण्याच्या जागीं लहानसा आरसा ठेवून भिंगाचें प्रतिबिंब बरोबर मध्यभागीं येईपर्यंत कॅमेरा हलवावा, ही साधी युक्ति हल्लींच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासही लागू पडते. शिवाय कडेचें छायाचित्र निराळें घ्यावें, कारण १७९५ पर्यंतच्या पुष्कळ सेंटांच्या कडेवर ‘वन हंड्रेड फॉर अ डॉलर’ हीं अक्षरें उमटविलेलीं आहेत व तीं समोरून दिसत नाहींत.

अशा छायाचित्रांचा उपयोग एकदां मोठ्या विलक्षण रीतीनें झाला. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीस जॉर्ज क्लॅप नांवाच्या गृहस्थांनीं आपला सेंटांचा अमोल संग्रह दान केला होता. अभ्यासाच्या निमित्तानें त्या संग्रहापर्यंत पोंचलेल्या एका विद्वानानें शंभराहून अधिक चांगलीं नाणीं काढून घेतलीं व त्यांच्या जागीं त्याच प्रकारचीं हलक्या प्रतीचीं नाणीं ठेविलीं. नाण्यांची संख्या बरोबर, प्रकार बरोबर. मोजणाऱ्यास संशय कसा यावा? शेल्डन १९७७ सालीं वारला. पुढें अनेक वर्षांनीं क्लॅपसंग्रहाचीं जुनीं छायाचित्रें बाहेर गेलेल्या नाण्यांशीं ताडून पाहिलीं तेव्हां ठोका न ठोका जुळला. प्रकरण १९९० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांत गेलें, आणि नाणीं बदलणारा तो विद्वान शेल्डनच होता असें ठरलें. दुसऱ्यांस प्रतवारी शिकविणाऱ्या पुरुषास कोणतें नाणें उचलावें व कोणतें ठेवावें हें अर्थातच पक्कें ठाऊक होतें.

ज्या मुलांस आपल्या घरच्या नाण्यांवर हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं दोन्ही बाजूंचीं व कडेचीं अशीं छायाचित्रें घ्यावींत, आणि चित्राखालीं नाण्याचें वजन, व्यास, दिव्यांची जागा व चित्र घेतल्याची तारीख लिहावी. प्रत मात्र चित्रावरून ठरवूं नये. नाणें खिडकीशीं नेऊन, हातांत हळूहळू फिरवीत ठरवावी, व दुसऱ्या दिवशीं पहिला आंकडा न पाहतां पुनः एकवार लिहून पाहावी.