गेटपास कोणाच्या ओळखीवर?

खडवली स्टेशनापासून पडघ्याकडे जाणारा रस्ता मुंबई-नाशिक महामार्गाला मिळतो आणि भिवंडी तालुक्यातली गोदामं दिसू लागतात. त्यांत अॅमेझॉन आहे, २०१८ पासून वॉलमार्टच्या ताब्यात असलेलं फ्लिपकार्टही आहे. मालक अमेरिकेत, कामगार बहुतेक कंत्राटदाराचे. अशा गेटवर कामगारांच्या अभ्यासासाठी वही घेऊन उभं राहणाऱ्याला आधी ‘कोणाकडून आलात?’ असं विचारतात. मग आडनाव, मग गाव. अभ्यासाचा विषय फार नंतर निघतो.

या उत्तरांवरच पुढे काय कानावर पडणार ते ठरतं. जायरस बनाजी आणि रोहिणी हेन्समन या अभ्यासकांनी ‘बियॉन्ड मल्टिनॅशनॅलिझम’ (१९९०) या पुस्तकात आंतरराष्ट्रीय कंपन्यांमधल्या वाटाघाटींची मुंबई आणि नेदरलँड्स अशी तुलना केली. मुंबईच्या युनियन रिसर्च ग्रुपमुळे कामगार संघटनांशी त्यांचा घरोबा होता. युनियनच्या ओळखीने गेलं की करारामागची भांडणं कळतात. एचआरच्या ओळखीने गेलं की कँटीन दाखवतात.

कॉल सेंटरचं गणित वेगळं. अभ्यासक ए. अनीश गुरगावच्या एका कॉल सेंटरमध्ये स्वतःच एजंट म्हणून लागले. त्यातून ‘न्यूट्रल अॅक्सेंट’ (२०१५) हे पुस्तक आलं. रीना पटेल यांनी रात्रपाळीतल्या बायकांवर लिहिलं (२०१०), त्यात मुंबईही आहे. हेडफोन लावून बसलेल्या पुरुषाला कामाची लय कळते, पण पहाटे घरी परतणाऱ्या मुलीकडे सोसायटी कशी बघते, हे दुसऱ्या बाईजवळ बोलणं तिला सोपं जातं.

कामगार म्हणून आत शिरलं तरी ओळख सुटत नाही. अभ्यासक पुन न्गाई १९९५-९६ मध्ये चीनमधल्या शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात कामगार म्हणून राबल्या, मुलींच्या वसतिगृहातच राहिल्या. कारखाना हाँगकाँगच्या मालकाचा, त्याही हाँगकाँगच्या, शिवाय लंडनला पीएचडी करणाऱ्या. एवढी शिकलेली बाई लाइनवर कशाला, हे कोडं तिथे कोणाला पडलं नसेल तरच नवल!

सगळ्यात बोलकी जोडी झांबियातली. मायकेल बुरावॉय हा गोरा इंग्रज १९६८ नंतर तांब्याच्या खाणउद्योगात नोकरीला होता आणि त्याच खुर्चीत बसून त्याने गोऱ्यांच्या जागी काळे अधिकारी नेमण्याचं राजकारण टिपलं (१९७२). त्याचीच विद्यार्थिनी चिंग क्वान ली चार दशकांनी त्याच पट्ट्यात गेली. खाणींचे दरवाजे उघडायला तिला तेव्हाचे उपराष्ट्रपती गाय स्कॉट यांची मदत झाली. तिने तुलनेला घेतलेल्या खाणींत एक चिनी सरकारी कंपनीची होती, तर कोंकोला ही अनिल अगरवाल यांच्या वेदांताची. म्हणजे तिथले परदेशी मालक आपल्याकडचेच. मुंबईहून कोणी मराठी अभ्यासक कोंकोलाला गेला असता, तर खाणकामगाराला तो मालकाच्या बाजूचाच वाटला असता.

म्हणून ‘आपला माणूस’ म्हणजे खरं ऐकणारा, हे गृहीत धरण्यात अर्थ नाही. भिवंडीच्या गोदामात बिहार, उत्तर प्रदेशचे मजूर असतील आणि विचारणारा गोदामासाठी जमीन भाड्याने दिलेल्या घरातला पोरगा असेल, तर मजूर ‘सब ठीक है’ म्हणून मोकळा होईल. हाच पोरगा दुसऱ्या गावच्या गोदामात पाळीवर लागला, तर तिथला मजूर डब्याच्या वेळी कापलेल्या हजेरीबद्दल बोलेल.

कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांत समाजशास्त्राचे प्रकल्प दरवर्षी होतात. विभागप्रमुखांनी यंदा एवढी अट घालावी: आपण कोण, आत कोणाच्या ओळखीने गेलो आणि कोण बोलायला तयार झालं नाही, हे विद्यार्थ्याने प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहावं.